खाचेतलं कार्ड

जळगावला गेले, जेठांच्या नातवाच्या लग्नाला.
मुलीकडच्यांनी हायवेवरचं हॉटेल केलं होतं,
मला एकटीला खोली, दोनशे चार.
मे महिना. बाहेर पंचेचाळीस.
पर्समध्ये ओल्या फडक्यात इन्सुलिनची दोन पेनं,
आधी त्यांची सोय बघायची, मग माझी.

टीव्हीखाली बुटका फ्रीज. उघडला
तर आत पाय ठेवायला जागा नाही.
कोल्ड्रिंकचे डबे, पाणी, काजूची चिमूटभर पाकिटं,
दोन चॉकलेटं,
सगळी तोंडं पुढे करून उभी, ग्रुप फोटोला उभं राहावं तशी.
वर दरपत्रक. चष्मा लावला.
पाणी नव्वद.
यावलच्या तहसिलीत, पुरवठा शाखेत नोकरी काढली मी,
भाव वाचला की हात अजून आपोआप लाल पेनाकडे जातो.

एकेकाला बाहेर काढलं.
टेबलावर पेपर अंथरून त्याच ओळीत मांडलं,
बाईने विस्कटलं असं कुणी म्हणायला नको.
आत पेनं ठेवली, शेजारी भरिताचा डबा,
बामणोदची वांगी, काड्यांवर भाजलेली;
लग्नात पनीरच असणार, हे काय सांगायला हवं?

हळदीला निघाले, दाराजवळच्या खाचेतलं कार्ड ओढलं
आणि खोली मेली.
दिवा, एसी, आणि मागे फ्रीजसुद्धा
एक आवंढा गिळून गप्प.
परत घातलं, जिवंत. काढलं, गप्प.
म्हणजे इथे माणूस असेल तरच गारवा.
घरी फ्रीज रात्रभर बोलतो,
ऐकायला मी एकटी.

खाली फोन लावला.
"सिस्टिमच तशी आहे, मॅडम."
हा शब्द मीही पुष्कळ वापरलाय,
खिडकीच्या आतल्या बाजूने.

मग पर्स उपसली.
बँकेचं कार्ड घालायला जीव धजेना, आधार तर नकोच.
एसटीचं घातलं, ज्येष्ठ नागरिकाचं.
फ्रीज लगेच गुरगुरला.
एसी तेवढा बंद केला. उगाच कशाला? सवय.

सकाळी काउंटरवर कागद: मिनीबार, चौदाशे साठ.
"सामान जागेवर नव्हतं, म्हणजे वापरलं."
"टेबलावर आहे. मोजून घ्या."
ग्यानसिंग पावराला वर पाठवलं,
सातपुड्यातला पोरगा, शर्ट दोन मापं मोठा.
"कारे बाप्पा, मोजलं?"
"सगळं आहे," तो म्हणाला, मग खाली बघत,
"चॉकलेट पाघळलं."

मॅनेजर: "दीडशेप्रमाणे तीनशे."
मी कागद उलटा करून दाखवला, छापील चाळीस.
तो सर्व्हिसचं बोलला, टॅक्सचं बोलला,
मी नुसती उभी राहिले. उभं राहायला मला
बाहेरच्या माणसांनी शिकवलं होतं, रॉकेलच्या रांगेत,
तेव्हा मी वर बघायचे नाही.
शेवटी ऐंशी घेतले.
पावती म्हटलं तर ऐंशीची सिस्टिम घेईना.
मग दोन्ही चॉकलेटं मागून घेतली, पैसे दिलेत ना.
एक ग्यानसिंगला दिलं. त्याने आधी
मॅनेजरकडे पाहिलं, मग खिशात टाकलं.

यावलच्या गाडीत कंडक्टर पोरगी म्हणाली, "आजी, कार्ड?"
पर्स दोनदा पालथी केली, मग आठवलं.
बाई म्हणून अर्धं तिकीट पडलं,
म्हातारी म्हणून पडलंच नसतं.

माझा फोटो अजून खाचेत उभा असेल,
डबे गार ठेवत, फुकट.

विदगावच्या पुलावर खाली तापी,
दगडांना टेकलेली.
कागद सोडवला. बोटाला चिकटलं.
इकडेतिकडे बघून चाटलं.
पेनं होतीच जवळ, अजून गार.