आधीचं पीठ

दारव्ह्याच्या अलीकडं, टिनाच्या गिरणीत
पोत्यावर लॅपटॉप ठेवून
मी सुखदेवभाऊंसाठी नंबरांची यादी करत होते.

पडद्यावर मावतात सातच ओळी.
बोटानं सरकवलं की वर गेलेली ओळ
खालून पुन्हा येते, नवं नाव घेऊन.
डबा तोच, दाणा दुसरा.
चाळीस गिऱ्हाइकांना चाळीस डबे
कोण घडवत बसतं?

पण यमुना उईकेच्या ज्वारीपुढं
'एकदम बारीक' उमटलं,
ते होतं मडावी गुरुजींच्या गव्हाचं.
खाली-वर केलं. आता ते तांदळावर.
दुपारभर कोड वाचला. लाईन दोनदा गेली.

सुखदेवभाऊ पट्टा चढवत म्हणाले,
"काऊन वं, डोकं धरून बसली?"
सांगितलं.
ते हसले नाहीत. जात्याच्या तोंडाला हात लावला.
"हरबऱ्यानंतर गहू आला, त मी
पयले मूठभर कोंडा फिरवतो.
आधीच्याचं थोडं राह्यतेच ना आत."

एक ओळ लिहिली:
भरण्याआधी रिकामं कर.

यमुनाबाईची ज्वारी आता
यमुनाबाईचीच.
माझ्या की-बोर्डच्या फटींत मात्र
कुणाकुणाचं पीठ आहे,
सांगता येत नाही.