खिळा न मारता

एकोणीस नाणी तपासून परत आली,
प्रत्येक आपापल्या पारदर्शक वडीत कायमचं बंद.
वर पट्टी : साल, टांकसाळ आणि एक आकडा.
कुणाला त्रेसष्ट, कुणाला अठ्ठावन्न,
बोर्डाच्या निकालासारखे.
रुवीतल्या तिसऱ्या मजल्यावर
जेवणाच्या टेबलावर मांडून बसलेय मी,
आणि वरण गॅसवर.

आता ठेवायची कुठे?

यशोधन म्हणतो, बँकेत लॉकर घे.
पण मी दिवसभर काचेमागेच असते,
एक्स्चेंजच्या चार नंबर काउंटरवर.
रियाल घेते, पावती देते,
सिवान, कोल्लम, सिल्हेट, चिपळूण.
बोटांना सिमेंट लागलेला माणूस
मोजलेल्या नोटा पुन्हा मोजतो
आणि भाव विचारतो, काल काय होता.
संध्याकाळी मला असा पैसा बघायचाय
जो कुठेच जायचा नाही.

मग कपाटात?
जुन्या अल्बमचं मऊ प्लास्टिक
तांब्याला हिरवा, चिकट घाम आणतं,
दोन शिवराया त्यातच गेल्या.
आणि जूनमधली इथली हवा म्हणजे न पिळलेला पंचा.
खिडकी फटभर उघडली तरी मत्रहचा समुद्र आत येतो.
वडी बंद असते, हवाबंद नसते,
हे मला फार उशिरा कळलं.
म्हणून बुटांच्या खोक्यांतल्या
‘खाऊ नये’ लिहिलेल्या पुड्या जमवते,
यशोधन त्यांना माझी सांडगे-पापडं म्हणतो.

भिंतीवर लावावीत, तर करारात कलम आहे :
खिळा मारू नये.
तरी वादी कबीरच्या दुर मोहम्मदला बोलावलं.
त्यानं टेप सोडली, सोफ्यामागची भिंत मोजली,
पेन्सिल कानावर ठेवली
आणि लाकूड कुठलं विचारण्याआधी विचारलं,
“अजून किती वर्षं आहात?”

सव्वीस झाली, एवढंच सांगता आलं.

टेबलावर मारिया तेरेझा, जाडजूड चांदीची,
मत्रहच्या बाजारात घासाघीस करून आणलेली.
कधीही पाडा, तिच्यावर साल एकच, सतराशे ऐंशी.
माझ्या कार्डावर मात्र
दर दोन वर्षांनी नवीन तारीख
आणि थोडी अधिक थकलेली मी.

एका वडीवर आकडाच नाही.
एकोणीसशे एकोणीसचा रुपया,
शेरा फक्त : घासलेलं.
ती घासणारी मी.
नऊ वर्षांची, मोरीत उकिडवी,
चिंचेचा कोळ, राख, नखाजवळ झोंबणारी चीर,
लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दुपारी.
आई म्हणाली होती, लख्ख झाला गं.
तो लख्खपणा भिंगाखाली धरून
कुणीतरी, कुठल्याशा थंड खोलीत,
माझे गुण कापले.

रागाने वडीवर टिचकी मारली.
टक्, एवढंच.
खणखणीत नाणं म्हणायचे तर
ते फरशीवर वाजवून दाखवायचे.
बंदा रुपया,
आता खरोखर बंद.

दुर मोहम्मद अजून उभाच होता.
मी माळ्यावरची हातबॅग काढायला लावली,
केबिनमध्ये चालते ती, चाकांची.
म्हटलं, हिचं माप घे. आतून.
पाच खण कर, वड्या उभ्या राहतील असे,
खाली पुड्यांना जागा.
तो हसला नाही. माप घेतलं.
मग दाराशी थांबून म्हणाला,
माझीही एक पेटी आहे अशी,
अवजारांची.

आणि दिसण्यासाठी?
टीव्हीशेजारी एक छोटी घडवंची,
एका वेळी एकच नाणं, आठवडाभर.
या आठवड्यात घासलेला ठेवलाय.
काल वीजमीटर बघायला आलेला मुलगा वाकून म्हणाला,
हा किती चमकतोय, बाकीचे असे का नाहीत?

वरण लागलं होतं तळाला.
तेच जेवलो.