वरच्या पट्टीतलं

शाहूपुरीतल्या कानाच्या दवाखान्यात
छोट्या बंद खोलीत बसवलं, हातात बटण दिलं.
"बारीकसा आवाज आला तरी दाबा, काका."
दोन-चार आले. दाबलं.
मग बराच वेळ काहीच नाही.
काचेपलीकडे बाई चाव्या फिरवतायत,
कागदावर टिंबं मांडतायत,
आणि मी आपला बसलोय,
मिसळीचा दुसरा रस्सा येईपर्यंत बसावं तसा.

नंतर आलेख दाखवला.
निम्म्यापर्यंत सपाट, मग घसरण,
जोतिबावरून बिनब्रेकची सायकल सोडावी तशी.
"वरच्या पट्टीतलं गेलंय. वयानं जातंच.
कामधंदा आवाजातला होता का?"

आवाजाचाच होता, बाई.
पापाच्या तिकटीला एकवीस वर्षं
कॅसेटी भरून दिल्या.
सकाळी चिठ्ठी टाका, दिवे लागले की घेऊन जा.
गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघावं लागायचं नाही,
चिठ्ठीवरून वय कळायचं.

उद्यमनगरातला सदबा लोहार, लेथवरचा,
चलनाच्या पाठीवर तेलकट बोटांनी यादी लिहायचा.
पहिल्या वर्षी एकच अट: "दणका पाहिजे, भावा."
लग्न ठरलं तेव्हा सगळी चांदण्याची,
त्यातली चार तर दोन-दोनदा.
मग सहा वर्षं फिरकलाच नाही.
आला तो चिठ्ठीशिवाय.
"गाण्याआधी तंबोरा लावतात बघ,
तेवढाच भर. दोन्ही बाजूंना.
गाणं नको."

मी हसलो होतो.
दुकानातली पोरंही हसली.
तरी रात्री शटर अर्धं ओढून
तोच तोच तुकडा जोडत
साठ मिनिटं तंबोरा भरून दिला त्याला.
पैसे नेहमीचेच घेतले.

मी स्वतः विशीत असताना
वडिलांनी रेडिओवर ख्याल लावला
की पायात चपला सरकवून रंकाळ्यावर सुटायचो.
एकच अक्षर माणसानं किती चघळावं?
पन्नाशीत तेच अक्षर पुरेना.
मैफलीत मागच्या रांगेत डोळे मिटून बसायला लागलो,
पोरांच्या गाण्यांना किणकिणाट म्हणायला लागलो,
भेटेल त्याला सांगत सुटलो,
समज यायला वय लागतं.
माळ्यावरच्या जुन्या कॅसेटी काढल्या
तर काय स्वच्छ वाजत होत्या!
वाटलं, काळानंच फुंकर मारून धूळ उडवली.
नात म्हणाली, "आजोबा, केवढी खरखर आहे ही,"
तर तिचा कान कच्चा ठरवून मोकळा झालो.

आता हा कागद खिशात.
खरखर होती तिथंच होती.

मग समज कुठली आणि बहिरेपण कुठलं,
हे विचारावं कुणाला?
सदबाला विचारलं असतं.
चाळीस वर्षं लोखंड कातताना
त्याला शेवटी काय ऐकू येत उरलं होतं,
की त्याला खरंच तेवढंच हवं होतं.
पण त्याच्या शेडमध्ये आता टायरचं दुकान आहे,
आणि तिथल्या पोराला सदबा माहीत नाही.

काल तनिष्कानं गाडीत गाणं लावलं.
"थांबा हं, आता एक जागा येते...
ऐकलं?"
मला फक्त तिचं बोट दिसलं,
हवेत वर गेलेलं.
"झकास," म्हणालो.
अगदीच खोटं नव्हतं ते.

एक सांगायचं राहिलं.
त्या खोलीत, काहीच येत नव्हतं तेव्हा,
मी एकदा बटण दाबलं.
आवाज नव्हता.
आधीचे आवाज जितक्या अंतरानं आले
तेवढं नकळत आत मोजत बसलो होतो,
आणि वाटलं, इथं सम आहे.

बाईंनी मान वर केली,
काचेतून माझ्याकडे बघितलं,
आणि मांडलेलं टिंब खोडलं.