जिथे शून्य हवं

ईली गाव सोडून दोन दिवस झाले,
आर्डिथ माझ्याशी बोललेली नाही.
बापाचं वेल्डिंग मशीन तिने मला न विचारता
चर्चमधल्या कुठल्याशा पोराला देऊन टाकलं,
आणि मी तिला जे बोलले
ते मला परत उच्चारवणार नाही.
नेव्हाडातला रस्ता असा सरळ
की विषय बदलायलासुद्धा वळण मिळत नाही.

ट्रकच्या पाठीवर आमची खोली:
दोन बंक, एक शेगडी, एक हीटर,
पायरीखालच्या पेटीत बॅटरी.
दिवसभर इंजिन चालतं, हिला चारतं,
आणि संध्याकाळी बघावं तर हिचं पोट खपाटीला.
काल रात्री हीटरचा पंखा दोनदा घोगरला
आणि गप्प झाला.
सकाळी किटलीतल्या पाण्यावर काच धरलेली.
आम्ही दोघी सगळे कोट घालून,
पाठीला पाठ न लावता झोपलेल्या.

आज सेजच्या झुडपांत गाडी थांबवली.
आधी छपरावर चढले. सोलरवर बोटभर धूळ.
पुसली. पण नोव्हेंबरचं ऊन,
ते देऊन देऊन किती देणार.
बॉनेट उघडलं. तीस अँपिअरचा फ्यूज
उजेडात धरला, तार शाबूत.
रिले टिकटिकला, म्हणजे तोही जिवंत.
सात पिनांचा प्लग उपसला,
त्यातली एक पिन हिरवी पडलेली,
ताक कळकलं की भांड्याला येतो तसल्या रंगाची.
जुन्या टूथब्रशने घासली. फरक नाही.

इथून पुढे मात्र दोघी लागतात.
एकीने अॅक्सिलरेटर दाबायचा,
एकीने आकडा वाचायचा.
मी काचेवर टकटक केलं.
ती माझ्याकडे न बघता
ड्रायव्हरच्या सीटवर सरकली.

"किती?"
हा तिचा पहिला शब्द.
"पुढे चौदा पॉइंट दोन."
"आणि मागे?"
"बारा पॉइंट चार."
"मग कुठेतरी पाणी मुरतंय," ती म्हणाली,
त्या माळावर, जिथे मुरायलाही पाणी नव्हतं.

बाप म्हणायचा, जाणारी तार सगळे तपासतात,
परतणारीकडे कोणी बघत नाही.
ठिणगी पाडण्याआधी तो अर्थिंगचा चिमटा लावायची जागा
घास घास घासायचा,
आम्हाला कंटाळा येईपर्यंत.

मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋणावर,
दुसरं चासीच्या उघड्या लोखंडावर.
दोन्ही नीट जोडलेली असतील
तर मध्ये शून्य यायला हवं.
"किती?"
"एक पॉइंट सहा."
इथे घोडं पेंड खात होतं.

ट्रकखाली पाठ टेकली. खडे टोचले.
अर्थिंगचा बोल्ट रंगावरच कसलेला,
वर यूटाच्या मिठाचा पांढरा थर.
बोल्ट मीच कसला होता,
चार वर्षांपूर्वी, घाईत, रंग न खरवडता.
आर्डिथ गुडघ्यांवर बसून वाकून बघत होती.
तिला कळलं होतं.
तोंड उघडायची याहून चांगली संधी
तिला या जन्मात मिळाली नसती.
तिने सँडपेपर पुढे केला.

लोखंड चमकेपर्यंत घासलं.
वॉशर नवा. बोल्ट तोच.
"दे गॅस."
"किती?"
"जवळजवळ शून्य."
"आणि मागे?"
"तेरा पॉइंट नऊ."
"हं."

मग अंधार पडेपर्यंत गाडी चालवली.
वाटेत एका पंपावर तिने दोन कॉफ्या आणल्या,
माझ्यात साखर घालायला विसरली,
किंवा विसरली नसेल.
मशीनचा विषय निघाला नाही. निघेल.

रात्री हीटर एका लयीत चालू राहिला.
तरी मला जाग आली.
पायरीपाशी उकिडवी बसून
मीटरचा दिवा लावला.
बाहेर कोयोटी भुंकत होते.
वरच्या बंकवरून, ब्लँकेटच्या आतून,
अजिबात झोपेत नसलेला आवाज आला:

"किती?"