वर्ग एक

साहेबांनी कागद दिला, म्हणाले, नेहेते मॅडम, मराठीत करा,
पोरांना वाचता आलं पाहिजे.
अकरा पानं, सोळा कलमं,
चौथ्या पानावर कुणाच्या तरी चहाचा गोल.

पहिलं कलम सोपं. नाव: हायड्रोफ्लोरिक आम्ल.
स्टीलच्या नळ्यांवरचा काळा थर उतरवायला लागतं.
ड्रमवरचा आकडा १७९०.
सुपडूला इतकी वर्षं ते
कंपनी सुरू झाल्याचं साल वाटत होतं.

दुसरं कलम. धोक्याचे वर्ग.
तीव्र विषारी, त्वचेतून: वर्ग एक.
त्वचा जाळणारं: वर्ग एक, उपवर्ग अ.
इथे पेन थांबलं.
आमच्याकडे पोरगी पहिल्या वर्गात आली
की गल्लीभर पेढे वाटतात.
या कागदात आकडा जितका लहान
तितकं मरण जवळ.
म्हणून पुढे आपल्या मनानं जोडलं:
एक म्हणजे सगळ्यात वाईट.

सातव्या कलमाला हसूच आलं.
थंड, हवेशीर जागी साठवावे.
मे महिना, एमआयडीसीतलं पत्र्याचं गोदाम,
बाहेर सेहेचाळीस,
केळीच्या बागांनासुद्धा उन्हाच्या बाजूने हिरवी जाळी,
आणि जळगावात थंड जागा म्हणजे बँकेचं एटीएम.
लिहिलं, थंड जागी साठवावे. काय लिहिणार?
साहेबांसाठी मात्र वेगळी चिठ्ठी:
एक्झॉस्ट पंखा दीड वर्ष बंद आहे.

काचेत ठेवू नये, काच खातं.
धातूच्या डब्यात नको.
सुपडू खांद्यावरून वाचत होता, म्हणाला,
ह्याले सासरी धाडानं कशामा?

मग अकरावं.
सौम्य असेल तर वेदना लगेच होत नाही.
कधी काही तास, कधी एक अख्खा दिवस.
तोवर ते आत उतरतं,
मांसाला न थांबता
हाडातला चुना शोधत जातं.

सुपडू तिथून उठून गेला.

हिलालच्या मोज्याला टाचणीएवढं भोक होतं.
उजवी करंगळी.
पाळी सुटताना विचारलं कुणीतरी, दुखस का?
म्हणे, काहीच नही.
नळाखाली धरली, खिशातली डबी काढली,
तंबाखूचा चुना बोटभर लावला,
घरी जाऊन कळण्याची भाकरी खाल्ली, ठेच्यासोबत.
रात्री दोनला उशीचं कापड दातात.

अंदाज फार चुकला नव्हता त्याचा.
लावायचं ते कॅल्शियमचंच असतं,
पण ते मलम, पांढऱ्या ट्यूबमधलं,
आणि लावत राहायचं, आणि लावत लावत दवाखाना.
ट्यूब होती. दोन होत्या.
प्रथमोपचाराच्या कपाटात, कुलपात,
किल्ली माझ्या पर्समध्ये,
आणि मी कानबाईच्या रोटांना रजेवर.

हे कुठल्याच कलमात येत नाही.

चौथं कलम मी सगळ्यात शेवटी केलं.
कपडे काढा. भरपूर पाणी. मलम. डॉक्टरला नाव सांगा, पूर्ण नाव.
आणि खाली, मोठ्या अक्षरात:
दुखत नही म्हनीसन बसी ऱ्हाऊ नका.
साहेब म्हणाले, ही काय भाषा झाली का मॅडम,
ऑडिटवाले येतात.
म्हटलं, येऊ द्या. रात्री दोनला
ऑडिटवाले कुठे असतात?

लोटन पेंटरने बोर्ड रंगवला,
हातावर थेंब पडणारं ते चित्र त्याने
इतकं मन लावून काढलं
की बोटांना नखंसुद्धा दिली.

हिलाल आला, उभा राहून वाचलं,
अंगठा पेरांवर फिरवत कलमं मोजली,
दर बोटाला चार, बाजारात मोजतात तशी.
पंधराला थांबला.
परत पहिल्यापासून मोजली. पंधरा.

सोळावं, इतर माहिती.
कागदात ते कोरं होतं.
मी लिहिलं, कपाटाला आता कुलूप नाही.