पत्ता : साखर पेठ

रिपोर्टवर नाव चुकलंय, येमूलचं येमल.
पत्ता तेवढा बरोबर : साखर पेठ.
खाली उपाशीपोटीचा आकडा, दोनशे एकोणीस.
लॅबमधली पोरगी हसली नाही. मीच हसलो.

मागच्या महिन्यात धोटा उडून पायावर पडला,
फरशीवर रक्त दिसलं तेव्हा कळलं.
तीस वर्षांत मागाच्या खडखडाटानं कान नेले,
आता पायही ऐकेनात.

नरसम्मा मांडीवर सूप घेऊन विड्या वळते,
तंबाखूचा हात वहीला लागू देत नाही.
वहीत माझा भात : दुपारी एक मूठ, रात्री नाही.
कडक भाकरी दीड. शेंगाचटणी. ताक.
भाताशिवाय उठणं म्हणजे आमच्यात
पानावरून भांडून उठणं.
पहिले आठ दिवस तसाच उठलो, भांडून.

कारखान्यात चहा आणणारा मल्लू
माझ्या ग्लासाला लाल सूत बांधतो,
बिनसाखरेची खूण.
काढ ते, म्हटलं होतं, चारचौघांत.
परवापासून इरण्णाच्या ग्लासालाही सूत आहे.
खडखडाटात बोलणार काय,
त्यानं ग्लास उचलला, मीही.

रात्री जेवून सिद्धेश्वर तळ्याला चक्कर,
चप्पल घालण्याआधी आत हात फिरवून, खडा बघून.
घरी आलो की ती बॅटरी घेऊन तळवे बघते,
टॉवेलात तुटका धागा शोधावा तशी.
इथं लागतंय?
नाही.
ती बोट काढत नाही.