नावात दोन एल

वाल्दिव्हियाच्या इस्पितळात मी रात्रपाळीचा कारकून.
आत जाण्याआधी माणूस माझ्या खिडकीशी थांबतो
किंवा त्याला आणणारा थांबतो.
नाव, वय, पत्ता, कारण.
कारणाचा रकाना सर्वांत अरुंद.
छापणाऱ्याला वाटलं असेल, कारणं लहान असतात.

त्या साली मार्चात,
आमच्याकडे पानं गळायला लागतात तेव्हा,
शहराला कुलूप लागलं.
आठवड्याला दोन परवाने, दोन-दोन तासांचे.
बाजाराला जायचा परवाना, कुत्रा फिरवायचा परवाना.
ज्यांच्याकडे कुत्रा नव्हता
त्यांनी शेजाऱ्याचा उसना घेतला.
नदीतले समुद्रसिंह पायऱ्या चढून वर आले
आणि एक तर बसथांब्याच्या बाकाशी
उजाडेपर्यंत घोरत पडला.
त्याला कोणी परवाना विचारला नाही.

आम्ही धास्तावून होतो त्या एका कारणासाठी
आणि ते आलंच नाही.
एप्रिल, मे, जून.
खोकला, ताप, धाप, पुन्हा धाप,
पण स्वतःच्या जिवावर उठलेलं माणूस क्वचित.
मी येसेनियाला म्हटलं, बघ,
संकटात माणूस जिवाला चिकटून राहतो.
ती हातमोजे सोलून काढत म्हणाली,
"वादळात होडी बांधून ठेवतात, नोल्बेर्तो.
गळती कुठे आहे ते नंतर कळतं."
मला ते बोलणं अभद्र वाटलं.
मी चहात साखर जास्त घातली.

नंतर म्हणजे पुढच्या वर्षी.
लस आली होती, दुकानं अर्धी उघडली होती,
लोक कोपराला कोपर लावून हसत होते,
आणि माझ्या खिडकीवर वयं उतरत चालली.
एकोणीस. सतरा. पंधरा.
तेरा लिहिताना मी पेन झटकलं.
शाई ठीक होती.
बहुतेक मुली.
अंगात शाळेचा स्वेटर,
शाळा बंद असतानाच आखूड झालेला.

आयांना आत सोडत नसत.
एक जण रात्रभर उभी होती,
मुलीचं जाकीट छातीशी धरून.
पहाटे काचेला तोंड लावून म्हणाली,
"जिन्यावरून पडली, असं लिहा ना."
त्यांच्या घराला जिना नव्हता.
त्या गल्लीत कुणाच्याच घराला नाही.
मी खोटं लिहिलं नाही,
खरंही लगेच लिहिलं नाही.
रकाना कोरा ठेवला आणि तिला माझी खुर्ची दिली.
हे नियमात बसत नाही.

महिनाअखेरीस आकडे सान्तियागोला जातात.
तिथे त्यांची एक रेघ होते, आधी खाली, मग वर.
रेघेला खुर्ची लागत नाही.

मीही त्या हिवाळ्यात
सकाळी घरी येऊन शेगडीपुढे बसायचो
आणि लाकूड घालायचं विसरायचो.
विझलेल्या राखेकडे बघत किती वेळ जायचा
ते कुणी मोजलं नाही, मीसुद्धा नाही.
एकदा येसेनियाचा फोन आला, उगाच,
तिला फक्त विचारायचं होतं मी काय जेवलो.
काहीच जेवलो नव्हतो.
ती फोनवर थांबली
माझं अंडं उकडेपर्यंत.

काल मासळीबाजारात शिंपल्या घ्यायला गेलो.
तराजूमागची मुलगी माझ्याकडे बघत राहिली.
"तुम्ही खिडकीवाले."
मला आठवेना.
मग आठवलं, आणि मी न आठवल्याचं सोंग केलं.
"त्या रात्री सगळे विचारत होते का, का, का.
तुम्ही विचारलंत,
मिल्यारायमध्ये एल एक की दोन."
"दोन," मी म्हणालो.
"दोन," ती म्हणाली,
आणि वजन झाल्यावर आणखी मूठभर टाकल्या.

मागे समुद्रसिंह गुरगुरत होते माशांच्या डोक्यांसाठी.
पुढचं गिऱ्हाईक खाकरलं.
ती सुट्टे पैसे मोजत होती,
मध्येच चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.
मी पिशवी धरून उभा राहिलो.
मला कसलीच घाई नव्हती.